खरखर वाढली, आवाज हरवला : एएम रेडिओ का मावळतोय?

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर अम्मीने फोनवर सांगितलं, "येताना एक रेडिओ घेऊन ये. सेलवर चालणारा. निसर्गच्या वेळी शेजारच्या चाचांकडे होता ना, तसा." अम्मी श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. मी बाजारात चार दुकानं फिरले. रेडिओ मिळाले. पेन ड्राइव्ह लागणारे, ब्लूटूथवाले, रंगीत दिवे लुकलुकणारे. पण काटा फिरवून मीडियम वेव्ह लागेल असा एकही नव्हता. शेवटचा दुकानदार हसून म्हणाला, "मॅडम, एएम आता कोण ऐकतं? नुसती खरखर असते."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, एएम म्हणजे काय? चाळीस मुलांपैकी एकाने हात वर केला आणि म्हणाला, "सकाळ, मिस. एएम म्हणजे सकाळ, पीएम म्हणजे संध्याकाळ." वर्ग हसला, मलाही हसू आलं. पण मग वाटलं, यात मुलांची काय चूक? ज्या आवाजावर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, तो घरातून कधी निघून गेला हे आपल्यालाही कळलं नाही. तो का गेला, त्यात तंत्राचा दोष किती आणि आपला किती, आणि तो पूर्ण गेला तर आपलं काय अडेल, हे जरा सविस्तर सांगावं म्हणून हा लेख.

आधी नावांचा गोंधळ मिटवू

पुष्कळ जण मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह आणि एएम ही तीन वेगवेगळी रेडिओ समजतात. तसं नाही. एएम ही आवाज पाठवण्याची पद्धत आहे, तर मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह हे लहरींचे पट्टे आहेत. दोन्ही पट्ट्यांवर बहुतेक एएम पद्धतच वापरली जाते. म्हणजे ऑल इंडिया रेडिओचं मुंबई केंद्र मीडियम वेव्हवर ऐका नाहीतर जुन्या काळचं रेडिओ सिलोन शॉर्ट वेव्हवर, तंत्र एकच.

हे तंत्र समजायला समुद्रकिनाऱ्यावर उभे राहा. लाटा एकामागून एक येताहेत. तुम्हाला या लाटांमधून निरोप पाठवायचा आहे. एक उपाय असा, की लाटा ठरलेल्या वेगाने येऊ द्यायच्या, फक्त त्यांची उंची कमी-जास्त करायची. आवाज मोठा तर लाट उंच, आवाज लहान तर लाट बुटकी. हे झालं ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशन, म्हणजे एएम. दुसरा उपाय असा, की लाटांची उंची तीच ठेवायची, पण त्या किती भराभर येतात ते कमी-जास्त करायचं. हे फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन, म्हणजे एफएम.

आता मध्येच बाजूने एक लाँच गेली तर? तिच्यामुळे लाटांची उंची लगेच बिघडते. उंचीत लिहिलेला निरोप खराब होतो. पण लाटा किती भराभर येताहेत ते मोजणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. एएमची खरखर आणि एफएमचा स्वच्छ आवाज यांतला फरक मुळात एवढाच आहे. हे अमेरिकन इंजिनियर एडविन आर्मस्ट्राँग यांनी ओळखलं आणि १९३३ मध्ये त्यांना एफएमची पेटंटं मिळाली. म्हणजे एएमच्या दुखण्यावरचं औषध नव्वद वर्षांपूर्वीच सापडलं होतं. आपल्याकडे ते पोहोचायला मात्र वेळ लागला.

रात्री दिल्ली का लागायची?

माझे नाना इशाच्या नमाजनंतर ओटीवर रेडिओ घेऊन बसायचे. ऑल इंडिया रेडिओची उर्दू सर्व्हिस ११ सप्टेंबर १९६५ ला सुरू झाली होती, आणि नानांना ती जवळजवळ जन्मापासून पाठ होती. 'तामील-ए-इरशाद'सारख्या फर्माइशी कार्यक्रमात गावोगावची नावं वाचली जायची. आपल्या ओळखीचं एखादं नाव आलं की नाना आम्हाला गप्प करायचे. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी तर ओटीवर अर्धी मोहल्ला जमायची, चांद दिसल्याची बातमी कुठून येते का ते ऐकायला. रेडिओवरची बातमी चांदासाठी ग्राह्य धरायची की नाही यावर उलेमांमध्ये बरीच चर्चा झालेली आहे, पण ऐकायला मात्र सगळेच यायचे.

मला तेव्हा एक कोडं पडायचं. दुपारी तोच काटा त्याच जागी ठेवला तर नुसती शूं-शूं, आणि रात्री तिथेच साफ आवाज. नाना म्हणायचे, "रात को हवा साफ होती है." उत्तर सुंदर होतं, पण अर्धंच बरोबर होतं.

मीडियम वेव्हच्या लहरी दोन वाटांनी प्रवास करतात. एक वाट जमिनीला चिकटून जाते. तिला ग्राउंड वेव्ह म्हणतात. दिवसा आपण जे ऐकतो ते हिच्यामुळे. दुसरी वाट आकाशाकडे जाते, ती स्काय वेव्ह. आपल्या डोक्यावर साधारण ६० किलोमीटरपासून वर सूर्यकिरणांमुळे विद्युतभारित झालेल्या हवेचे थर आहेत, त्याला आयनांबर म्हणतात. त्यातला सगळ्यांत खालचा थर, डी थर, दिवसा आकाशाकडे जाणाऱ्या या लहरी पिऊन टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत जातात आणि तिथून आरशावर आपटल्यासारख्या परत जमिनीवर येतात, शेकडो किलोमीटर दूर.

उर्दू सर्व्हिसचा कार्यक्रम तयार व्हायचा दिल्लीत, पण आमच्याकडे यायचा तो बहुधा गुजरातेतल्या राजकोटहून. तिथे १०७१ किलोहर्ट्झवर १००० किलोवॅटचा अवाढव्य ट्रान्समीटर होता. जुन्या लोकांना निवेदकांनी सांगितलेले मीटरही आठवतील. १०७१ किलोहर्ट्झ म्हणजे २८०.१ मीटर. हा हिशेब तुम्हीही करू शकता : ३ लाखांना किलोहर्ट्झने भागा, लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते.

पण या रात्रीच्या देणगीला एक शिक्षाही जोडलेली आहे. दूरचं स्टेशन येतं तसं नको असलेलंही येतं. एकाच फ्रीक्वेन्सीवर दोन देशांची स्टेशनं एकमेकांवर चढतात. शिवाय जमिनीवरून आलेली आणि आकाशातून परतलेली लहर एकमेकींना कधी साथ देतात, कधी मारतात. म्हणून आवाज मोठा होत होत अचानक बुडायचा आणि पुन्हा वर यायचा. ऐन बातमीच्या वेळी हे व्हायचं आणि नाना रेडिओला थप्पड मारायचे. दोष बिचाऱ्या रेडिओचा नव्हता.

समुद्रावरून येणारा आवाज

आपल्या कोकणासाठी एक गोष्ट खास आहे. ग्राउंड वेव्ह कुठवर जाईल हे तिच्या खाली काय आहे यावर ठरतं. कोरडी, खडकाळ जमीन लहरीची ताकद लवकर खाते. खारं पाणी मात्र वीज उत्तम वाहून नेतं, त्या जमिनीच्या शेकडो ते हजारो पट. त्यामुळे समुद्रावरून लहर फार लांब जाते. मुंबई आकाशवाणीची मीडियम वेव्ह प्रक्षेपणं मालाडहून, म्हणजे समुद्राच्या शेजारून होतात. तिथून श्रीवर्धन सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर. मुरूड, दिवेआगर, हर्णैपर्यंत बंदराबंदरात मुंबई स्टेशन भर दुपारी का ऐकू यायचं, त्याचं हे एक मोठं कारण.

एफएमचं तसं नाही. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे लहर जेमतेम तीन मीटरची. ती साधारण नजरेच्या रेषेत चालते. मध्ये डोंगर आला की पलीकडच्या वाडीला सावली पडते. सह्याद्रीच्या कुशीतल्या आणि खाडीकाठच्या गावांना हे कुणी समजावून सांगायला नको, मोबाइलच्या रेंजवरून त्यांना ते रोज कळतं.

मग एएमचं घोडं अडलं कुठे?

इतके गुण असताना हे तंत्र मागे का पडलं? त्याच्या अंगातच चार मोठ्या अडचणी आहेत.

पहिली अडचण जागेची. आपल्याकडे मीडियम वेव्हचा पट्टा ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंतचा. त्यात दर ९ किलोहर्ट्झवर एक स्टेशन बसवलेलं. म्हणजे एकूण १२० खोल्यांची चाळ, आणि तीच आशिया, आफ्रिका, युरोपमधल्या सगळ्या देशांनी वाटून घ्यायची. खोली इतकी अरुंद, की आवाजातल्या साडेचार किलोहर्ट्झच्या वरच्या छटा कापाव्या लागतात. माणसाचा कान वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकू शकतो. बोललेलं नीट कळतं, पण सतारीची झणझण आणि गायकाच्या आवाजातली बारीक कंपनं गळून जातात. एफएमवर हीच मर्यादा पंधरा किलोहर्ट्झपर्यंत जाते, वर स्टिरिओ. एकदा एफएमवर गाणं ऐकलेला तरुण मीडियम वेव्हच्या गाण्याकडे परत येईल कशाला?

दुसरी अडचण खरखरीची, आणि ती दिवसेंदिवस वाढते आहे. वीज चमकली, मिक्सर फिरला, स्कूटर सुरू झाली, की ठिणगी पडते. ठिणगी म्हणजे सगळ्या बाजूंना उधळलेल्या रेडिओ लहरी. त्या एएमच्या उंचीत मिसळतात आणि आपल्याला कडकड ऐकू येते. पूर्वी घरात अशी उपकरणं दोन-चारच असायची. आज प्रत्येक एलईडी बल्ब, प्रत्येक मोबाइल चार्जर, टीव्ही, इन्व्हर्टर, वायफायचा डबा आत सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करत असतो. त्यातून निघणारा गोंगाट नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पडतो. करून बघा : जुना रेडिओ लावा आणि घरातले चार्जर, दिवे एकेक करून बंद करत जा. प्रत्येक बटणागणिक आवाज स्वच्छ होत जाईल. स्टेशन होतं तिथेच आहे, आपणच त्याच्याभोवती बाजार भरवलाय.

विजेवरच्या मोटारींचंही हेच. २०२३ मध्ये अमेरिकेत फोर्ड कंपनीने नव्या गाड्यांमधून एएम रेडिओ काढायचं ठरवलं होतं. विजेच्या मोटरचा गोंगाट एएममध्ये घुसतो ही अडचण तिथे काही कंपन्या सांगत होत्या. पण संकटकाळात सूचना कशा पोहोचणार असा आरडाओरडा झाला आणि काही आठवड्यांत फोर्डने तो निर्णय मागे घेतला.

तिसरी अडचण विजेच्या बिलाची. एएमचं गणित मोठं उधळं आहे. समजा, हापूसच्या पेट्या मुंबईला पाठवायच्या आहेत. त्यासाठी एवढा मोठा ट्रक घेतला की दोन तृतीयांश डिझेल नुसता रिकामा ट्रक ओढण्यातच संपतं. उरलेल्या डिझेलमध्ये त्याच पेट्या दोनदा पाठवल्या, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. एएमचं अगदी असंच आहे. आवाज जास्तीत जास्त भरला तरी एकूण शक्तीचा दोन तृतीयांश भाग वाहक लहरीत जातो, जिच्यात स्वतःची माहिती काहीच नसते. उरलेला तिसरा हिस्सा दोन बाजूंच्या पट्ट्यांत वाटला जातो, आणि दोघांत मजकूर एकच. निवेदक गप्प बसला तरी वाहक लहर चालूच. १०० किलोवॅटचा ट्रान्समीटर रोज १८ तास चालवला तर नुसत्या वाहक लहरीचे १८०० युनिट झाले. आवाजाची शक्ती, यंत्रातला नाश, थंड ठेवायचा खर्च वेगळा. आपल्या घरी महिन्याला दोनशे युनिट आले तर आपण मीटर तपासायला सांगतो!

चौथी अडचण जमिनीची. लहर जेवढी लांब तेवढा अँटेना उंच लागतो, चांगल्या प्रक्षेपणासाठी साधारण लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढा. मुंबईच्या अस्मिता वाहिनीची फ्रीक्वेन्सी ५५८ किलोहर्ट्झ, म्हणजे लहर ५३७ मीटरची आणि चौथा हिस्सा १३४ मीटर, चाळीस मजली इमारतीएवढा. हा सगळा मनोराच अँटेना असतो. त्याच्या पायथ्यापासून चहूबाजूंनी जमिनीत तांब्याच्या तारा पुरून ठेवाव्या लागतात. त्यासाठी कित्येक एकर मोकळी जागा हवी, आणि शहर वाढत वाढत त्या कुंपणापर्यंत येऊन ठेपलेलं. एफएमला मात्र डोंगरावर किंवा उंच इमारतीवर लहानसा मनोरा पुरतो.

मोबाइलमध्ये एएम कधीच का आला नाही त्याचंही उत्तर इथेच आहे. एफएमला इयरफोनची वायरच अँटेना म्हणून पुरते, कारण तीन मीटरचा चौथा हिस्सा म्हणजे पाऊण मीटर. एएमला आतमध्ये फेराइटची जाड कांडी आणि तिच्यावर तारेचं वेटोळं लागतं, आणि फोनच्या स्वतःच्या गोंगाटात तिला काही ऐकूही येणार नाही. ज्या दिवशी रेडिओ खिशातल्या फोनमध्ये शिरला, त्या दिवशी एएम दाराबाहेर राहिला.

चढण आणि उतरण

मुंबईत २३ जुलै १९२७ ला लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. १९५२ च्या सुमारास सरकारी रेडिओने सिनेसंगीताला दार बंद केलं, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' घराघरात पोहोचली. सायानी मूळचे मुंबईचेच. त्यांची वालिदा कुलसुम सायानी गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' नावाचं पाक्षिक नागरी, उर्दू आणि गुजराती लिपीत काढायच्या, नव्याने वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी. साध्या बोलीत सगळ्यांना कळेल असं बोलायचं, हे अमीनसाहेब त्या घरातच शिकले. २० फेब्रुवारी २०२४ ला ते गेले, तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांना मला ते कोण हे सांगावं लागलं.

सिलोनला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. ट्रान्झिस्टर आले. रेडिओ टेबलावरून उतरून शेतावर, होडीवर, चहाच्या टपरीवर गेला. त्याआधी सेट मोठे, महाग, आणि त्यासाठी पोस्टात परवान्याची फी भरावी लागायची. आमच्या घरी ते परवान्याचं पुस्तक अजून आहे.

देशातलं पहिलं एफएम प्रक्षेपण १९७७ मध्ये मद्रासला सुरू झालं. पुढची सोळा वर्षं त्याकडे कुणी फार बघितलं नाही. १९९३ मध्ये मोठ्या शहरांत एफएमवरची वेळ खाजगी कंपन्यांना मिळाली, आणि २००१ मध्ये बंगळूरला पहिलं खाजगी एफएम केंद्र उघडलं. तिथून श्रोते झपाट्याने गेले, श्रोत्यांमागून जाहिराती गेल्या, आणि जाहिराती गेल्यावर जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीवर पैसा घालायला कुणी पुढे येईना. नागपूरच्या १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून १९८८ पासून रात्रभर चालणारं आकाशवाणीचं नॅशनल चॅनल २०१९ च्या सुरुवातीला बंद झालं. बीबीसी हिंदीची शॉर्ट वेव्हवरची सेवा जानेवारी २०२० अखेर थांबली. नानांचं आवडतं बीबीसी उर्दूचं 'सैरबीन' २०२२ च्या अखेरीस रेडिओवरून गेलं. हे फक्त आपल्याकडचं नाही. जर्मनीच्या सरकारी रेडिओने २०१५ संपताना मीडियम वेव्ह बंद केली.

आता सरकारचा कल उघडपणे एफएमकडे आहे. २८ एप्रिल २०२३ ला एकाच दिवशी १०० वॅटचे ९१ एफएम ट्रान्समीटर सुरू झाले. चांगली गोष्ट आहे. पण १०० वॅटचा एफएम एका गावाचा आणि आसपासच्या परिसराचा. जुन्या मीडियम वेव्हच्या एका मनोऱ्याची जागा घ्यायला असे किती लागतील, आणि दऱ्यांमधल्या वाड्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, फक्त आकाशवाणीच्याच बातम्या पुढे देता येतात. म्हणजे एएम गेलं की बातम्या, शेतीचा सल्ला, मच्छीमारांसाठी हवामान, उर्दू कार्यक्रम हे आपोआप एफएमवर येतील असं नाही.

डिजिटलची अर्धवट गोष्ट

एएम सुधारता आलं नसतं का? प्रयत्न झाला. डिजिटल रेडिओ मॉन्डियाल, थोडक्यात डीआरएम, नावाचं तंत्र आहे. पट्टा तोच, मीडियम वेव्हचा, पण आवाज आकड्यांच्या रूपात जातो. खरखर नाही, गुणवत्ता एफएमच्या जवळपास, आणि वीज बरीच कमी. आकाशवाणीने देशभर मीडियम वेव्हवर असे ३५ ट्रान्समीटर बसवले. ट्रान्समीटर आले, पण ऐकायला रेडिओच नाहीत. काही मोटारींमध्ये ते बसवून येतात, सुटे सेट मात्र महाग आणि दुर्मिळ. पाण्याची टाकी बांधली पण घरोघर नळच दिले नाहीत, तसं झालं.

डिजिटलचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा. सिग्नल पुरेसा आहे तोवर आवाज उत्तम, थोडा कमी पडला की एकदम शांतता. एएम तसं करत नाही. ते खरखरतं, बुडतं, पण कान देणाऱ्याला चार शब्द तरी देऊन जातं.

ते चार शब्द कधी लागतात?

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, कौलं आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. मोबाइलचे मनोरेही गेले. आमच्या गावात लाइट यायला कित्येक दिवस लागले. मी पनवेलला, अम्मी तिकडे एकटी, वर लॉकडाऊन. चार दिवस तिचा आवाज ऐकला नाही. ते चार दिवस कसे गेले ते मी लिहू शकत नाही.

नंतर अम्मीने सांगितलं, त्या काळात बाहेरचं जे काही कळलं ते शेजारच्या चाचांच्या जुन्या रेडिओवर. दोन सेल, मीडियम वेव्हचा काटा. खरखरत का होईना, मुंबईच्या बातम्या लागत होत्या. वादळ पुढे निघून गेलंय, मदतीची पथकं निघालीत, कोणता रस्ता मोकळा झालाय. "खबर छोटी थी, मगर जान में जान आ गई," हे तिचे शब्द. आणि गंमत बघा, गावात लाइट नव्हती म्हणून चार्जर नव्हते, एलईडी नव्हते, इन्व्हर्टर नव्हते. म्हणजे खरखर करणारं जवळपास काहीच उरलं नव्हतं.

मोबाइलला गावाजवळचा मनोरा, त्याला वीज, त्याच्यापर्यंत केबल, हे सगळं शाबूत लागतं. साखळीतली एक कडी तुटली की संपलं. मीडियम वेव्हचा एक मनोरा सव्वाशे किलोमीटरवर उभा असतो, तिथे वादळ नसतं. ऐकणाऱ्याला दोन सेल पुरतात. रिचार्ज नको, पासवर्ड नको, वाचता यायलाही नको. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण आणि महाडला पूर आला तेव्हाही पाण्याबरोबर वीज आणि फोन दोन्ही गेले. जुलैचा पाऊस दरवर्षी येणारच आहे.

म्हणून एएम जसंच्या तसं, पूर्वीच्या थाटात चालू ठेवा असं मी म्हणत नाही. गाण्यांसाठी एफएम आणि फोन चांगले आहेत, नवं ॲप आहे, त्यावर उर्दूही मिळतं. वर सांगितलेला विजेचा हिशेबही खरा आहे. पण किनाऱ्याला आणि डोंगराला पोहोचेल असे थोडे तरी मोठे मनोरे संकटासाठी जिवंत ठेवावेत, आणि ते ऐकता येतील असे स्वस्त सेट बाजारात असावेत, एवढं मागणं रास्त आहे. अग्निशमन बंब रोज लागत नाही म्हणून कुणी विकून टाकत नाही.

घरात एवढं करून ठेवा

माळ्यावर जुना रेडिओ असेल तर भंगारात देऊ नका. आतले गळलेले सेल काढा, पत्र्या पुसा, नवे सेल घालून बघा. वापरात नसताना सेल बाहेर काढून ठेवा. नवा घेणार असाल तर डब्यावर एमडब्ल्यू किंवा एएम लिहिलेलं आहे का ते आधी बघा, नुसत्या एफएमला भुलू नका.

आवाज कमी येत असेल तर रेडिओ जागच्या जागी हळूहळू फिरवा. आतली फेराइटची कांडी दिशा बघून ऐकते, तिची लांब बाजू स्टेशनकडे असली की आवाज सगळ्यांत चांगला. खिडकीजवळ ठेवा, चार्जर आणि दिव्यांपासून दूर.

दिवसा एकदा आणि रात्री एकदा पूर्ण काटा फिरवा. काही केंद्रं अजून चालू आहेत, काहींचे तास कमी झालेत, काही एफएमवर गेलीत. तुमच्या घरात नक्की काय लागतं ते कागदावर लिहून रेडिओच्या मागे चिकटवा. आणि हे काम मुलांकडून करून घ्या. पुस्तकातल्या आयनांबराचा धडा त्यांना एका रात्रीत कळेल.

अम्मीचा रेडिओ शेवटी मिळाला, एका दुरुस्तीवाल्याकडे, जुना, काळ्या चामड्याच्या कव्हरातला. त्याने पैसे घेताना पुन्हा पुन्हा विचारलं, "मॅडम, हे चालतं, पण तुम्ही याचं करणार काय?" सध्या तो अम्मीच्या कपाटात, सेलच्या पाकिटाशेजारी आहे. दर महिन्याला एकदा ती काढते, लावते, मुंबई लागतंय का बघते आणि मला फोन करते. परवाही फोन आला होता. "आवाज जरा कमी आहे," ती म्हणाली, "पण लागतंय."